पाठीवरची रेघ

शंकररावांनी पोराला भर शेतात कामचोर म्हटलं, तेव्हा मी दोन सऱ्या पलीकडे बटाटे वेचत होते. मी काही बहिरी नाही, आणि दुसऱ्याच्या भांडणात नाक खुपसू नये हे मला कुणी शिकवलंही नव्हतं.

"बटाट्यांचा कट्टा उचल म्हटलं तर बरगडी धरून उभा राहतो!" शंकरराव ओरडत होते. "अठ्ठावीस वर्षांचा जवान माणूस तू! तुझ्या वयात मी पाठीवर सामान बांधून बारा बारा कोस चाललोय."

"बहाना नाही करत, बाबा," संघदीप म्हणाला. "दोन दिवस झाले, आतून जळतंय. कपडा लागला तरी सहन नाही होत."

"मग काढ की बनियन. कोणी मना केलंय?"

माघातला वारा सुईसारखा टोचत होता आणि हे म्हणे बनियन काढ! मी टोपली टाकली, सऱ्या ओलांडून गेले आणि पोराचा सदरा मीच वर केला. डाव्या बाजूनं, पाठीच्या कण्यापासून बेंबीकडे, लालभडक पट्टा उठला होता आणि त्यावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फोड.

"अगं बाई! ही तर नागीण!" मी म्हणाले. तिथंच थांबायचं होतं मी. पण माझी जीभ कधी वेळेवर थांबलीय? "हिचं तोंड न् शेपूट जुळलं ना बाबा, की खेळ खलास. आमच्या गावचा एक गडी असाच गेला."

संघदीपनं एकदा पोटाकडे पाहिलं, एकदा मान वळवून पाठीकडे बघायचा प्रयत्न केला. स्वतःची पाठ कुणाला दिसते? त्याचा चेहरा मात्र ओल्या मातीसारखा झाला.

"भानुमतीबाई," शंकरराव म्हणाले, "असल्या गोष्टी आमच्या घरात नाही चालत. दीक्षा घेतली त्या दिवशी गंडेदोरे सोडले आम्ही. फालतू घाबरवू नका पोराला."

"मी कशाला घाबरवू? आहे ते सांगितलं."

सांगायला हवं की संघदीप मला परका नव्हता. माझे मालक आणि तो इंदूरच्या एकाच कापडमिलमध्ये, एकाच साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. मालक गेले, आणि दीड वर्षानं मिलही गेली. एके सकाळी फाटकाला कुलूप, बाहेर पोलीस आणि आत सगळ्यांचा थकलेला पगार. शहरातल्या भाड्याच्या खोल्या सोडून आम्ही राऊ गावाच्या पलीकडे आलो. शंकररावांनी फौजेतून सुटल्यावर महूच्या रस्त्याला दोन बिघे घेऊन ठेवले होते, त्यांच्या बांधाला लागून माझा अर्धा. साच्यावर हात चालवणारं पोरगं बटाट्याच्या सऱ्या ओढायला लागलं. तक्रार नाही केली त्यानं. पण सकाळी सहाचा भोंगा वाजत नाही म्हणून पाचलाच उठून बसायचा, हे जयानं मला सांगितलं होतं. जया म्हणजे त्याची बायको.

आणि आता कुठे दिवस फिरत होते. पीथमपूरला नवे नवे कारखाने निघाले होते. त्यातल्या एकात हजार अर्जांतून चाळीस जण निवडले, त्यात संघदीपचं नाव होतं. पक्की नोकरी. फक्त डॉक्टरी तपासणी उरली होती, पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी. त्या दिवशी हजर नाही झाला तर जागा दुसऱ्याला, असं कागदावर छापलं होतं. आणि नेमकं तेव्हाच हे दुखणं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

म्हणून मी ते केलं. शंकररावांच्या पाठीमागं केलं, हे आता कबूल करते. दुपारी ते जेवायला घरी गेले की जया न् मी संघदीपला शेतातल्या खोपीत न्यायचो. दूर्वा वाटायच्या, त्यांच्या रसात गेरू कालवायचा आणि फोडांवर जाड लेप द्यायचा. आमच्या आईची रीत अशी की नागिणीच्या तोंडापुढं गेरूची आडवी रेघ ओढायची. त्याला वाट बांधणं म्हणतात. वाट बांधली की ती पुढं सरकत नाही. शिवाय मी दोन टोकांमधलं अंतर दोऱ्यानं मापायची आणि तिथं गाठ मारून ठेवायची. पहिल्या दिवशी मापलं, दुसऱ्या दिवशी दोरा दोन बोटं कमी भरला.

"किती राहिलं, मावशी?" संघदीपनं विचारलं.

"आहे भरपूर," मी म्हणाले. पण माझा आवाज त्याला कळला.

तो झोपेनासा झाला. जया म्हणाली, रात्रभर पोटावर हात फिरवून टोक शोधतात. तिसऱ्या दिवशी लेपाखालून पाणी झिरपायला लागलं, अंगात ताप भरला आणि गेरूचे पोपडे फोडांसकट निघाले. त्याच दिवशी शंकरराव पंचा विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले आणि खोपीच्या दारात उभे राहिले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त दोरा उचलला, गाठी मोजल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"उद्यापासून आमच्या ओट्यावर पाय नका ठेवू," म्हणाले. "कपडे घाल, संघा. जायचं आहे."

मी आगाऊ, तरी मागं मागं गेलेच. राऊच्या स्टँडजवळच्या डॉक्टरीणबाईंनी आधी कापसानं माझा सगळा गेरू धुतला. संघदीप दात आवळून बसला होता आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

"पाँचवें दिन ला रहे हो? तीन दिन के अंदर गोली शुरू होती, तो इतना नहीं भुगतना पड़ता," बाई म्हणाल्या. "और ये मिट्टी किसने थोपी?"

कुणीच नाव घेतलं नाही. शंकररावांनीही नाही.

बाईंनी समजावलं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचं विष मणक्याजवळच्या नसेत झोपून राहतं. सहसा म्हातारपणी उठतं. पण माणूस खचला, झोप उडाली, चिंता लागली, तर तरण्या माणसातही जागं होतं. "क्या टेन्शन है इसको?" त्यांनी विचारलं. शंकरराव खाली मान घालून म्हणाले, "मिल बंद हो गई, मॅडम."

"मॅडम," संघदीपनं शेवटी विचारलंच, "दोनों सिरे मिल गए तो?"

"मिलते ही नहीं. एक बाजू की नस है, एक ही बाजू में रहेगी. पीठ की बीच की हड्डी पार नहीं करती. लिखकर दूँ?"

संघदीपनं मोठा श्वास सोडला आणि मान खाली घातली. माझ्या एका वाक्यानं त्या पोराच्या तीन रात्री खाल्ल्या होत्या. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, तसं मी केलं. घरी येऊन मी रडले, कुणाला दाखवलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. संघदीप-जयाची लेक संबोधी अडीच वर्षांची, तिला कांजिण्या आल्या नव्हत्या, म्हणून बाईंनी तिला लांब ठेवायला सांगितलं. जया लेकीला घेऊन आतल्या खोलीत झोपायची आणि शंकरराव न् संघदीप ओसरीवर. दिवसा जया शेतात, म्हणून पाठीला मलम लावायचं काम शंकररावांचं. मी बांधावरूनच विचारायची, "कसंय गं?" आणि जया सांगायची, "फोड सुकतायत, मावशी. दुखणं नाही जात. सदऱ्याचा धागा लागला तरी उड्या मारतात." माझी गेरूची वाटी त्या दिवशी खोपीतच राहिली होती. मागायची कुठल्या तोंडानं? दोन दिवसांनी बांधावरून डोकावलं तर तिथं नव्हती. फेकली असेल म्हातारबानं, म्हटलं.

सोमवार उजाडला. खपल्या धरल्या होत्या, पण सदरा घालणं म्हणजे निखारे घालणं. जयानं मिलमधलं शेवटच्या दिवाळीला मिळालेलं मऊ मलमल पेटीतून काढून दिलं, आणि शंकररावांनी ते पोराच्या अंगाभोवती स्वतः गुंडाळलं. मग त्यावर सदरा. बस खचाखच भरलेली. धक्का लागू नये म्हणून पोरगं डावा हात फांदीसारखा लांब धरून चढलं. मी माझ्या दारातून पाहत होते. जा बाबा, म्हटलं, माझी नजर नको लागायला.

तो चारला परतला आणि घरी न जाता सरळ माझ्या अंगणात आला. मागून जया, तिच्या मागून शंकरराव.

"झालं काय?" मी विचारलं.

"फिट लिहिलं," तो म्हणाला. एक तारखेपासून कामावर. पण आवाजात आनंद नव्हता. "मावशी, माझ्या पाठीवर रेघ तुम्ही ओढली?"

"कसली रेघ?"

"गेरूची! तिथं सगळ्यांना शर्ट काढून लाइनीत उभं केलं. डॉक्टर माझ्या मागं आला न् हसायला लागला. दुसऱ्यांना बोलावून दाखवलं. म्हणे, देखो भिया, आयटीआय पास है और पीठ पे झाड़-फूंक करवा के आया है! हड्डी के पास लकीर, बिल्कुल स्केल से खींची है! चाळीस जण हसले, मावशी. ज्या लोकांसोबत मला उद्या काम करायचंय ते. माझ्या बाबांनी जिंदगीभर हे घरात येऊ नाही दिलं, आणि तुम्ही... कधी केलं? मी झोपलो होतो तेव्हा?"

मी तोंड उघडलं. दवाखान्यात गेलो त्या शनिवारपासून मी त्याच्या पाठीला बोटही लावलं नव्हतं. आणि स्केलनं ओढल्यासारखी रेघ? माझा हात पोळी लाटताना थरथरतो. तेवढ्यात माझी नजर शंकररावांकडे गेली. ते फाटकाशी उभे होते, फौजी माणूस, नेहमी ताठ. आज उजवा हात धोतराच्या घोळात लपवला होता. पण लपवायच्या आधी मी पाहिलं होतं. पहिल्या बोटाच्या नखात तांबडं.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांनी माझ्या शेजारी उभं राहून ऐकलं होतं. हाड पार करत नाही, लिहून देऊ का. आणि तरी.

"हो," मी म्हणाले. "मीच ओढली. पहाटे आले होते."

"मावशी!"

"घे, काय बोलायचं ते बोल. म्हातारीची खोड, मेल्याशिवाय नाही जायची."

तो बोलला. बरंच बोलला. अडाणी म्हणाला, नोकरी घालवली असती म्हणाला, आणि यातलं निम्मं मला आधीच्या चुकीसाठी लागूच होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. शंकरराव मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मला राग आला त्यांचा, खोटं का बोलू? पोराचा आवाज बसला तसे ते तिघंही निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. दंव गोठून उरलेल्या बटाट्यांचा पाला काळा पडला होता. शंकरराव आले, हातात माझी वाटी, राखेनं घासून लख्ख केलेली. ती त्यांनी ओट्यावर ठेवली आणि तिथंच उभे राहिले.

"बसा की," मी म्हणाले.

बसले नाहीत. "भानुमतीबाई, खोटं आहे ते सगळं. मला तेव्हाही ठाऊक होतं, आजही ठाऊक आहे." मग ते वाटीकडे बघत म्हणाले, "रोज मलम लावायचो. रोज वाटायचं, एक बोट पुढं सरकलीय. एकच पोरगं आहे हो माझं."

मी वाटी उचलून आत ठेवली.

"संघाला मी सांगेन," ते म्हणाले. "आज सांगेन."

"सांगा किंवा नका सांगू. चहा घ्या आधी, थंडी आहे."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माझ्या ओट्यावर बसून चहा घेतला. संघदीपला सांगितलं का, मी कधी विचारलं नाही. तो पीथमपूरला जाऊ लागला. दुखणं वर्षभर गेलं नाही, अजूनही थंडीत सदऱ्याची डावी बाजू दोन बोटांनी अंगापासून लांब धरून चालतो. पण जाता येता माझ्या अंगणाशी थांबतो, आणि मला अडाणी म्हणायचं मात्र त्यानं त्या आठवड्यापासून सोडलं.