कांताबाईवरची केस

हसनाबादच्या स्टँडवर उतरून अरुंधतीने पानटपरीवाल्याला विचारलं, "कांताबाईंच्या केससाठी आलेय. त्यांचं शेत कुठल्या अंगाला?"

जालन्यात वाढलेली, कृषी विस्तारात एम.एस्सी. करणारी मुलगी. अभ्यासाला निवडलेल्या माणसाला विभागात सगळेच 'माझी केस, तुझी केस' असं म्हणत. कांताबाई तिची केस होती. नवरा गेल्यावर ही बाई मिरचीची रोपं तयार करून आसपासच्या गावांना विकत होती. आणखी दोघा-तिघांनी हाच धंदा काढला आणि गुंडाळला. हिचाच का टिकला, एवढा एकच प्रश्न अरुंधतीने घेतला होता.

ती वर्षभर येत राहिली. बाईचं सांगणं, गिऱ्हाइकांचं म्हणणं आणि स्वतःच्या डोळ्यांना दिसलेलं, हे सगळं ती एकमेकांशी ताडून बघे. नुसतं विहिरीला पाणी आहे म्हणून तर टिकला नसेल ना, ही शंकाही तिने तपासून पाहिली.

"इच्यार माय, काय इच्यारायचं ते," कांताबाई म्हणे. "पण वाफ्यात पाय नको देऊस."

उन्हाळ्यात कांताबाईच्या लेकीची, ताराची सोयरीक अंकुशनगरला जमली आणि सुपारी फुटायच्या आधीच मोडली. कारण सांगितलं ते दीर तातेरावांनी.

"पोराकडचे म्हणत्यात, कोरटात केस चालू असलेल्या घरची लेक नको."

"कसली केस?"

"ते तुमीच सांगा ना, मॅडम. टपरीवर तुमीच इच्यारत आल्त्या."

 दुसऱ्याच दिवशी अरुंधती अंकुशनगरला गेली. मुलाचे वडील काकासाहेब यांनी चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे केस हाय."

"आहे, पण कोर्टाची नाही. अभ्यासाची."

"काहीच नसतं, तर जालन्याहून एवढी शिकलेली बाई सांगायला कशाला आली असती?"

 उलट तिच्या त्या खेपेनं उरलासुरला संशयही पक्का झाला.

अहवाल लिहिताना तिने हे सगळं एका पानावर मांडलं. मार्गदर्शक अंबेकर सरांना ते पान सगळ्यात आवडलं. "आपण पाहायला गेलो म्हणून जे बदललं, ते लिहिल्याशिवाय केस पुरी होत नाही. नाव बदला, झालं."

तिने कांताबाईची 'क-बाई' केली. पण मिरचीची रोपं विकणारी बाई त्या भागात एकच होती. म्हणून तिने ते पान बांधावर बसून कांताबाईला वाचून दाखवलं.

"हे कोण वाचणार?"

"कॉलेजातले लोक."

"मंग कालेजात आमच्याकडली पोरं न्हाईत का?" कांताबाईचे हात तण उपटायचे थांबले. "तारासाठी टेंभुर्णीचं एक स्थळ बघून राह्यलो. एकदा मोडलेलं छापून आलं, तर हे बी मोडंल. बाकी काय बी लिही. तेवढं बिलकुल नको, माय."

अरुंधतीने ते पान काढलं. सर चिडले. "सगळा अहवाल भक्कम, आणि नेमकं इथं भोक ठेवलंत?" कारण तिने त्यांनाही सांगितलं नाही.

तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक खूश होते. पुरावे ताडून पाहिलेले, एका बाईवरून सगळ्या बायकांबद्दल बोलण्याचा मोह टाळलेला. शेवटची पानं चाळता चाळता त्यांनी विचारलं, "तुमच्या जाण्यायेण्यानं त्या घरात काही फरक पडला?"

सर तिच्याकडे बघत होते. तिने काढलेलं पान शब्द न् शब्द तिला पाठ होतं.

"नाही," ती म्हणाली.

परीक्षकांनी मान डोलावली. पुढे नव्या मुलांना केस कशी लिहावी ते दाखवायला विभागात तोच अहवाल काढला जाई. टेंभुर्णीचं जमलं का, हे मात्र अरुंधतीला कधीच कळलं नाही. विचारायला जायचं, तर पुन्हा गावाच्या नजरेला पडणं आलं, आणि तेवढी हिंमत तिला झाली नाही.