कोटावर लागलेली नथ

या, बसा. काचेला हात टेकला तरी चालेल. गिऱ्हाइकाच्या बोटांचे ठसे पुसायला मनोहररावांना आवडतं. मी त्यांच्या दुकानातली नथ. डावीकडच्या कपाटात, घड्याळांच्या शेजारी बसलेली आहे ना, तीच. विकाऊ नाही, नुसती दाखवायची. पण नागपुरात सदरसारख्या बाजारात काचेत बसून बसून मी धंदा शिकले, कुणी न शिकवता.

आत शिरताच भाव विचारणारा माणूस कधी काही घेत नाही. पंख्याखाली घाम वाळवतो आणि जातो. ज्याला घ्यायचं असतं तो आधी दुसऱ्याच वस्तूत खोड काढतो. एक वकीलसाहेब दर दिवाळीला बायकोसाठी पाटल्या बघायला येत आणि स्वतःसाठी घड्याळ घेऊन जात. बाई बिचाऱ्या पट्ट्याचा रंग पसंत करून देत.

मला घडवलं गिरिधर सोनारानं. सक्करदऱ्याला तलावाच्या अंगाला त्याचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत ऐरण, शेगडी आणि फुंकणी. सरकारचा सोनं-नियंत्रणाचा कायदा आला तेव्हा त्याच्या ओळीतले सोनार एकेक करून उठले. कुणी भाजी विकायला लागला, कुणी गिरणीत गेला. गिरिधर बसून राहिला. काम मनोहररावांचं करायचा. दागिना त्याच्या हातचा, डबीवर नाव दुकानाचं.

माझे मोती त्यानं श्वास रोखून ओवले. सगळं झालं, पण तारेचं टोक मात्र सरळच ठेवलं. त्यांच्या घराण्याची ती रीत. नाक पाहिल्याशिवाय नथीची तार वळवायची नाही. बाई समोर बसणार, सोनार तिचा चेहरा न्याहाळणार, चिमट्यानं एक वळण देणार. मग ती नथ तिची. नाकाविना वळवलेली नथ अपशकुनी, असं तो म्हणे. मला विचाराल तर शकुनापेक्षा त्यात शहाणपणच जास्त. तशी नथ टोचत नाही.

ऐंशीच्या सुमाराला मनोहररावांना परदेशातल्या घड्याळ-दागिन्यांच्या मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. ते गिरिधरला म्हणाले, "तू चाल गा माह्यासंगं. कारागीर समोर बसला म्हणजे मालाले वजन येते. ऑर्डर आली तं सारं काम तुह्याच हातचं."

घरी त्याच्या बायकोनं, यमुताईंनी, हे ऐकून कपाळाला हात लावला. त्यांच्या भावानं, मारोतरावांनी, गिरणीत चौकीदाराची जागा बोलून ठेवली होती.

"दादा तिकडे जागा धरून बसला, आन् तुमी परदेशाच्या इमानात बसून राहिले?"

"एवढी एक खेप जाऊ दे वं. ऑर्डर आली तं ऐरण राह्यते. नाही आली तं ऐरण विकतो आन् चौकीदाराची टोपी घालतो."

"टोपी तुमच्या डोक्याले मोठी होईन."

"मंग तूच घाल."

दोघं हसली. मी डबीत होते, मला हसू आलं नाही. एका नथीवर माणसानं सगळी ऐरण लावली होती.

प्रदर्शनाचा हॉल केवढा म्हणता! आपल्या नागपूरच्या बर्डीचं अख्खं मार्केट आत मावेल. आमच्या गाळ्यात गालिचा होता. गिरिधरनं त्याच्या कडेला चपला काढल्या.

मनोहरराव दात खाऊन म्हणाले, "घाल त्या चपला! देऊळ नोहे हे."

"कामाची बैठक हाये न शेठजी."

"बैठक नाही, खुर्ची. खुर्चीवर बस!"

तिथं विस्तवाला परवानगी नव्हती. फुंकणी पेटीतच राहिली. हाताला काम नसलेला गिरिधर खुर्चीच्या टोकावर बसला आणि लोक त्याचे फोटो काढत राहिले. समोरच्या गाळ्यात घड्याळं. एकेकाच्या किमतीत नागपुरात माडी चढेल. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारधर्म तिकडे मिळत नसावा.

दुसऱ्या दिवशी एक गोरी बाई आली. बड्या दुकानांसाठी खरेदी करणारी. तिनं मला उचललं, फिरवलं, हे कुठं घालायचं ते तिला कळेना. मनोहररावांनी आपल्या नाकाला बोट लावून दाखवलं. बाई खुदकन हसली.

"गिरिधर, तार वळव लवकर. अर्धवट दिसून राहिली थे."

"कोणाच्या नाकाले?"

"कोणाच्याबी! माह्या नाकाले समज."

"तुमच्या नाकाले नथ शोभन काय, शेठजी?"

"मस्करीचा टाइम हाये काय गा हा?"

"मस्करी नाही. बाईले समोर बसवा, नाक पाह्यतो, वळवतो. पाह्यल्याबिगर नाही होत माह्याच्यानं."

दोघांची ही हुज्जत चालली असताना बाईनं माझं सरळ टोक आपल्या कोटात खुपसलं. अणकुचीदार तार, अलगद शिरली. बाईनं आरशात पाहिलं आणि टाळी वाजवली. माझ्या शेठचा धंदा मी पुढे उभा जन्म पाहिला, पण त्या क्षणासारखी थक्क कधी झाले नाही. त्यांचं नाकावरचं बोट सरळ कोटावर गेलं. "येस, येस! कोट पिन! इंडियन कोट पिन!"

"काय म्हणते बाई?" गिरिधरनं विचारलं.

"आवडली म्हणते. लय मोठी ऑर्डर देऊन राहिली."

गिरिधरनं डोळे मिटून हात जोडले. नथ आवडली, असं त्याला वाटलं. मी परक्या बाईच्या कोटावर; तिथून त्याला कसं सांगणार?

नागपूरला परतताच त्यानं मारोतरावांना नकार कळवला. शेगडी नवी बांधली, ऐरण घासली आणि कामाची वाट बघत बसला. संत्र्याचा एक बहार गेला, दुसरा आला. शेवटी तो इथं दुकानात आला. काउंटरवर खोकी उघडी होती. त्यात माझ्यासारख्या किती तरी. मुंबईच्या कारखान्यात साच्यात ओतलेल्या, मोती चिकटवलेल्या, मागे पिनेचा खटका. बाईनं मला नमुना म्हणून परत दिलं होतं, आणि आता माझ्याही पाठीवर तोच खटका डागला होता.

गिरिधरनं एक उचलून उलटी केली. "हे नाकात कशी घालते, शेठजी?"

"नाकात नाही गा, कोटाले लावते तिकडे."

"मंग माह्यं काम?"

मनोहरराव वाईट माणूस नव्हेत. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. त्यांनी चहा मागवला, खांद्यावर हात ठेवला, एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका पुढे केली. पहिल्याच पानावर गिरिधर, खुर्चीच्या टोकावर बसलेला.

"पाह्य, साऱ्या जगात गेला तुहा फोटो."

"नाव कुठी हाये?"

"नाव कोण वाचते गा?"

त्यानं चहा संपवला आणि गेला. गिरणीतली जागा तोवर भरली होती. ऐरण विकली. आता जरीपटका वस्तीतल्या एका गोदामावर तो चौकीदार आहे.

गेल्या आठवड्यात यमुताई लेकीला घेऊन आल्या. लतिकाचं लग्न ठरलंय. गिरिधर पायरीखाली सायकल धरून उभा राहिला, आत आला नाही. काउंटरवरच्या नत्थूनं दाबून बसवायच्या नथी दाखवल्या. कोणत्याही नाकाला चालतात, म्हणाला. लतिकानं त्यातली एक घेतली. निघताना ती माझ्यापाशी थांबली, वाकून बघत राहिली.

"आई, हे बाबानं केली काय वं?"

यमुताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला ओळखलं, पाठीवरच्या खटक्यासकट.

"नाही," त्या म्हणाल्या. "चाल. बाबा उन्हात उभे हायेत."

तेव्हा बसा घटकाभर, एवढंच मागणं आहे. मनोहरराव चहा मागवतील, माझं वजन सांगतील, मोती अस्सल आहेत हेही सांगतील. माझा भाव आजवर पुष्कळांनी विचारला. कुणी घडवली, हे एकटीनंच विचारलं, आणि तिला तिच्या आईनं खोटं सांगितलं. तुम्ही विचारून बघा. मनोहरराव काय सांगतात, ते मलाही ऐकायचं आहे.