आवाजांचा डबा उसाच्या वाटेवर

मित्रांनो, दचकू नका. ही खडखड माझीच आहे. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या पोटात चमचा, बटणं, शिंपला असलं बरंच काही भरलेलं असतं आणि जरा कुणी हलवलं की मी वाजतो. कधी कधी कुणी हलवलं नाही तरी वाजतो, कारण मी स्वभावाने भित्रा आहे. पत्र्याच्या डब्याला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. सगळं सांगतो, फक्त दार लावून घ्या आणि जवळ जवळ बसा.

माझा जन्म शहरातल्या एका कारखान्यात झाला. आधी मी नुसता सपाट पत्रा होतो. यंत्राने मला गोल वाकवलं, बूड बसवलं, निळा रंग दिला आणि झाकणावर पांढऱ्या फुलांची वेल छापली. त्या यंत्राचा दणका मला अजून आठवतो. मग माझ्यात बिस्किटं भरली आणि एका दिवाळीला मी निरगुडसरला उज्ज्वलाबाईंच्या घरी पोहोचलो. बिस्किटं बघता बघता संपली. पुढे माझ्या नशिबी काय आलं ते तुम्ही तुमच्या घरच्या कपाटावरही पाहिलं असेल: सुया, दोरे, बटणं आणि एक मोडकी कात्री. पाहुण्यांची पोरं बिस्किटांच्या आशेने झाकण उघडत आणि तोंड वाकडं करून निघून जात. मी हिरमुसायचो खरा, पण तिथे मला कुणाचं भय नव्हतं.

उज्ज्वलाबाई शिक्षिका आहेत. त्यांची बदली जुन्नर तालुक्यात, पिंपळवंडीच्या शिवारातल्या चिंचमळ्याच्या शाळेत झाली. दोन खोल्या, अंगणात चिंचेचं झाड आणि तिन्ही बाजूंनी ऊस. पहिलीची मुलं पाटीवर क सुरेख गिरवायची, पण 'कप' या शब्दाच्या सुरुवातीला तोच क बसलेला आहे हे काही त्यांच्या ध्यानात येईना. बाई रोज संध्याकाळी घरी येऊन डोकं धरून बसत. एका सकाळी त्यांनी माझ्यातले सुया-दोरे काढले, घरात हाताला लागेल ते माझ्यात टाकलं आणि मला स्कूटरच्या डिकीत ठेवून शाळेत नेलं.

मित्रांनो, तिथून माझे चांगले दिवस सुरू झाले. बाईंच्या खेळांना तयारी अशी काही लागत नसे. एकाने डोळे मिटायचे, माझ्यात हात घालायचा, जे सापडेल ते चाचपून ओळखायचं आणि त्याचा पहिला आवाज सांगायचा. चमचा सापडला की च, शिंपला सापडला की शि. मग त्याच आवाजाची आणखी एक वस्तू वर्गात शोधायची. कधी बाई जमिनीवर खडूने रेघ ओढत. ब ऐकू आला की रेघेच्या अलीकडे उडी, म ऐकू आला की पलीकडे. चुकलेला हसत हसत पुन्हा रांगेत. आणि सगळ्यांना आवडायचा तो आवाज जोडायचा खेळ. बाई तोडून म्हणत, 'ब... ट... ण...' आणि मुलं ते तुकडे जोडून 'बटण' म्हणून ओरडत. मुलांनी मला 'आवाजांचा डबा' असं नाव दिलं. नुसता डबा होतो तो नावारूपाला आलो. मला अभिमान वाटायचा, का वाटू नये?

पण एक गोष्ट माझ्या लवकरच ध्यानात आली. ब चा खेळ सुरू झाला की मुलं बकरी, बैल, बटाटा, बाजरी म्हणत सुटायची. एक शब्द मात्र कुणीच घेत नसे, आणि तो शब्द या पोरांना सगळ्यात जास्त ठाऊक होता. चिंचमळ्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांना बजावलं होतं की त्याचं नाव घ्यायचं नाही, नाव घेतलं की तो वाट धरून येतो. म्हणून सगळे त्याला नुसतं 'तो' म्हणत. 'तो काल कालव्यावर दिसला', 'त्यानं भरतकाकाचं कुत्रं नेलं'. त्याने मान धरू नये म्हणून खुरपायला जाताना बाया गळ्यात खिळे लावलेला पट्टा घालायच्या, हेही मी खिडकीतून पाहिलं. त्या दिवसापासून उसाकडे तोंड करून बसायला मला नको वाटू लागलं.

पहिलीत अक्षदा नावाची एक मुलगी होती. आजीबरोबर, म्हणजे चिमाबाईबरोबर, कालव्यापलीकडच्या वस्तीवर राहायची. तिने एक करडू बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी त्याने ते तिच्या डोळ्यांदेखत अंगणातून नेलं. तिच्यापासून हाकेच्या अंतरावरही नाही, अगदी हाताशी. ओरडायला तिने तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. तेव्हापासून ती कुजबुजतच बोले, तेही कुणी विचारलं तर. बाईंनी खूप गोंजारलं, चिमाबाईने दृष्ट काढली, दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टर घसा बरा आहे म्हणाले. जोडायच्या खेळात तिचे ओठ हलायचे, पण 'बटण' दुसरंच कुणीतरी म्हणायचं.

तिच्यासाठी बाईंनी एक वेगळा खेळ काढला. त्याचं नाव कानांचा खेळ. डोळे मिटून, तोंड बंद करून बसायचं. आधी जवळचे आवाज ऐकायचे, मग लांबचे. जो बोलेल तो बाद. यात अक्षदा सगळ्यांच्या पुढे. कारण ती पोर दिवसभर ऐकतच असायची. भ्यालेल्या माणसाचे कान फार तिखट होतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. एके दिवशी ती जिंकली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि अक्षदा किंचित हसली. बाईंनी मला तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, हा आज घरी ने, तुझ्या आवडीच्या वस्तू भरून आण. मला आनंद व्हायला हवा होता. पण घरी जायचं म्हणजे उसाच्या वाटेने जायचं, हे माझ्या लगेच डोक्यात आलं आणि माझं झाकण आपोआप थरथरलं.

त्या वाटेने मुलं कधी एकटी जात नसत. दर दिवशी एका घरातलं मोठं माणूस पाळीने न्यायला येई, हातात काठी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणं. माणसाचा आवाज ऐकला की तो बाजूला होतो, असं सगळे म्हणत. त्या दिवशी पाळी गोरखची होती. गोरख हा अक्षदाचा चुलता; त्याचा मुलगा समर्थ याच शाळेत होता. तो वेळेवर आला, मुलांना घेऊन कालव्यापर्यंत चाललाही. तेवढ्यात लाईट आल्याचा फोन आला. थ्री फेजची लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा तिकडे नेम नसतो. आली की सगळं टाकून मोटर चालू करायला पळायचं, ही तिथल्या माणसांच्या अंगात मुरलेली सवय. 'हितंच थांबा रं, मोटर टाकून हा आलोच,' म्हणून गोरख बांधावरून पळाला आणि गाणंही त्याच्याबरोबर गेलं.

मुलं थोडा वेळ थांबली. दिवस थंडीचे, ऊन भराभर उतरायला लागलं होतं. समर्थ चौथीत, त्यामुळे स्वतःला मोठा समजणारा. तो म्हणाला की घर तर समोर दिसतंय, चला. त्याच्याबरोबर वस्तीवरची श्रेया होती आणि अक्षदा. आणि मग त्याला ती अवदसा आठवली. तो म्हणाला, आपण कानांचा खेळ खेळत जाऊ. जो बोलेल तो बाद.

मित्रांनो, तुम्हाला कळतंय ना काय झालं? ज्या वाटेने आरडाओरडा करत जायचं, त्या वाटेने ती पोरं पाय न वाजवता निघाली. मी तरी वाजलो असतो, माझा तर तो स्वभावच. पण मी खडखडलो तर अक्षदा बाद होणार, म्हणून तिने मला छातीशी घट्ट आवळून धरलं. माझ्यातला चमचासुद्धा हलेना. तिचं काळीज माझ्या पत्र्यावर धडधडत होतं. आयुष्यात इतका गप्प मी कधी बसलो नव्हतो आणि इतका कधी भ्यालोही नव्हतो.

ऊस दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला. आधी जवळचे आवाज: श्रेयाच्या चपलेची सटसट, पाटातलं पाणी. मग लांबचे: मोटरीची घरघर, कुठेतरी बैलाची घंटा. साळुंक्या कलकलत होत्या त्या एकाएकी थांबल्या. आणि उजव्या बाजूच्या सरीत, उसाच्या दोन ओळींमध्ये, वाळक्या पानांची पाचट मोडली. मुलं चालली की मोडायची, मुलं थांबली की थांबायची. समर्थच्या कानावर ते गेलं नाही. त्याचं सगळं लक्ष खेळ जिंकण्याकडे होतं. अक्षदाला मात्र ऐकू आलं. तिची बोटं माझ्या कडांवर एकदम गार पडली.

ती उभी राहिली. पुढची दोघं चार पावलं गेली आणि मागे वळली. तिने तोंड उघडलं. आवाज नाही. मी मनातल्या मनात ओरडत होतो की पोरी, मला हलव, मला आपट, पण डब्याचं कोण ऐकतं? तिने ओठ मिटले, बाई शिकवायच्या तसे, आणि सोडले. 'ब.' समर्थ हसला आणि तिच्याकडे बोट दाखवून नाचला, कारण ती बोलली म्हणजे ती बाद. तिचे डोळे उसावरून हलले नाहीत. 'ब... बि... ब...' तुकडे तुकडे येत होते. मला वाटलं, आता जोडले नाहीत तर संपलं सगळं.

"बिबट्या!"

त्या वाटेवर तो शब्द याआधी मोठ्याने कुणी घेतला नसेल. समर्थचं हसू तोंडातच राहिलं. अक्षदाने माझं झाकण उपटून फेकलं, चमचा काढला आणि मला बडवायला लागली. माझी बटणं उडाली, शिंपला पाटात गेला. ती ओरडत होती, मग श्रेया ओरडू लागली, मग समर्थ. पळू नका, खाली वाकू नका, हे त्यांना शाळेत शिकवलेलं होतं. तिघं एकमेकांना चिकटून उभी राहिली आणि हात वर करून तोच एक शब्द ओरडत राहिली. उसाच्या कडेला पानं बाजूला झाली. मी त्याला पाहिलं, मित्रांनो. पिवळं अंग, आणि डोळे थेट आमच्यावर. तो कितीतरी वेळ तसाच पाहत राहिला. मग शेपूट हलवून तो आल्या पावली सरीत शिरला आणि पाचट वाजत वाजत लांब गेली. गोरख काठी घेऊन पळत आला तोवर चमच्याची दांडी वाकली होती आणि माझ्या कुशीला हा एवढा पोचा पडला होता. तो अजूनही आहे, हात लावून बघा.

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती शाळेत आली. गोरख फार चिडला होता. खरं तर तो घाबरला होता, आणि लाईटीपायी मुलांना सोडून गेल्याची टोचणीही त्याला होती, हे मला दिसत होतं. "बाई, गप बसायचे खेळ शिकवू नका आमच्या पोरांना," तो म्हणाला. "हितं गप बसला तो गेला." बाईंना रडू आलं. त्यांनी मला उचललं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

कपाटात जुने नकाशे आणि मोडका तराजू होता. अंधारात मला सारखी पाचट वाजल्यासारखी वाटे. बाहेर मुलं पुन्हा पाढे घोकू लागली, अक्षरं पुन्हा नुसती गिरवू लागली. सगळ्यात वाईट म्हणजे अक्षदाचा आवाज मला ऐकू येईना. ती पुन्हा कुजबुजायला लागली होती. माझ्या बुडाला गंज चढू लागला. उसातून वाचलेल्या मला आता असं वाटू लागलं, की मी इथेच विसरला जाणार आणि ती पोरही कायमची मुकी राहणार.

एका दुपारी कपाटापाशी पावलं वाजली. त्या दिवशी मुलांना न्यायची पाळी चिमाबाईची होती, म्हणून तीही दारात उभी होती. मग अगदी माझ्या समोर, लाकडाच्या पलीकडून, कुणीतरी स्वच्छ मोठ्या आवाजात म्हणालं, "बाई, डबा पायजे."

अक्षदाचाच आवाज. बाई गोरखने बजावलेलं आठवून घुटमळल्या असाव्यात, कारण किल्ली काही वाजली नाही. मग चिमाबाई बोलली.

"द्या तो डबा. त्याचं नाव घिऊ नको म्हणून मीच पोरीचं तोंड बांधलं व्हतं. तिनं नाव घेतलं म्हणून तिघं घरी आली."

कुलूप उघडलं. अक्षदाने मला दोन्ही हातांनी उचललं, आणि या वेळी आवळून धरलं नाही.

आता कानांचा खेळ फक्त वर्गात, दार लावून खेळतात. वाटेने जाताना मी सगळ्यांच्या पुढे असतो. गोरखने माझ्या अंगाला भोकं पाडून दोरी ओवून दिली आहे. तो ते करत असताना कुणाकडे बघत नव्हता. आता त्याच्या पाळीला लाईट आली तरी तो आधी मुलांना घरी सोडतो. मुलं मला बडवत चालतात आणि आवाज जोडत ओरडतात, 'चम-चा, चमचा! बट-ण, बटण!' आणि ब ची पाळी आली की बिबट्यासुद्धा म्हणतात. सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असतो, ते तुम्ही ओळखलं असेलच.

माझा रंग उडाला आहे, वेलीची फुलं पुसली आहेत, बुडाचा गंज वाढतो आहे. मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा रिकामा डबा असेल तर भंगारात टाकू नका. त्यात हाताला लागेल ते भरा, लहानग्यांबरोबर बसा, त्यांना आवाज ओळखू द्या आणि ओरडू द्या. घरातलं एखादं मूल फार शहाण्यासारखं गप्प बसत असेल तर त्याला आधी जवळ घ्या. आणि माझ्यासारखा कुणी वाटेवर तुमच्या हातात असेल तर त्याला वाजवत राहा. तुमचे हात दुखतात, मला कळतं. पण तुम्ही जरा थांबलात की मला अजून पाचट ऐकू येते.