खिळ्यावर गेलेली तीन पत्रे

मी एक जुना खिळा आहे. भिंतीत ठोकलेला नव्हे, तर मेजावर ताठ उभा राहणारा, कागद टोचून ठेवायचा खिळा. मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तुम्ही दुकानात पाहिला असेल आणि मोठ्या माणसांनी तुम्हाला लगेच लांब ओढले असेल. त्यांचे बरोबरच आहे. माझे टोक अजून तीक्ष्ण आहे. पण माझ्यामुळे सर्वांत मोठी इजा झाली तेव्हा रक्ताचा एक थेंबही आला नव्हता, आणि तीच हकिकत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात झाला. एक पायमशीन पार मोडीत निघाले होते. दुकान चालवणाऱ्या मिस्त्रींनी त्याची एक बारीक सळई काढली, सहाणेवर घासून तिला टोक आणले आणि त्याच मशीनच्या खणाच्या फळीत मला उभे केले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले होते. दुकानाचे मेज बायकोने सांभाळायचे असे ठरले आणि तिच्या हाताशी मला ठेवले गेले. सगळी गिऱ्हाइके तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

आमच्या दुकानाचा नियम एकच होता. मशीन दुरुस्त झाले, पैसे मिळाले, गिऱ्हाईक गेले, की त्या कामाची चिठ्ठी माझ्यावर यायची. मिस्त्री मशीनखालून डोकेही न काढता म्हणायचे, "टोच. संपलं." माझ्यावर गेलेल्या कागदाकडे पुन्हा कोणी पाहत नसे. मला त्याचा मोठा अभिमान होता. मी म्हणजे दुकानातला शेवटचा शब्द, असे मला वाटायचे.

मिस्त्रींना वाचता येत होते, पण कागद म्हटले की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत. विजेचे बिल असो की भाड्याची पावती, वहिनी ती वाचायची, कामाची असेल तर खणात ठेवायची आणि काम झालेले असेल तर माझ्यावर टोचायची. तिचा हात असा बसलेला होता की प्रत्येक कागदाला भोक अगदी मधोमध पडे. वीस वर्षे एकही कागद वाकडा गेला नाही.

मग भोके सरकू लागली. मित्रांनो, हे सगळ्यांच्या आधी मला कळले. आधी एक चिठ्ठी कडेला टोचली गेली, मग एक कोपऱ्यात. एकदा तर कागद राहिला बाजूला आणि तिचे बोटच माझ्यावर आले. तिने बोट तोंडात धरले, इकडेतिकडे पाहिले आणि कोणाला काही सांगितले नाही. मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

पुढे तिला डोळे तपासायला नेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. वेळेवर इंजेक्शने घेतली तर आहे ती नजर टिकेल, गेलेली मात्र परत येणार नाही. इंजेक्शने महाग होती. मिस्त्रींनी बँकेत त्यासाठी वेगळे खाते उघडले आणि दर सोमवारी ते थोडे थोडे पैसे भरू लागले. भरल्याची पावती आणून ते स्वतः माझ्यावर टोचायचे. पासबुकावर नोंद करून घ्यायला कोण रांगेत उभे राहणार? ते माझ्यावरच्या पावत्या चिमटीत धरून जाडी बघायचे आणि खूश व्हायचे. वहिनी त्यांना म्हणायची, "मला अजून नीट दिसतं. घाई करू नका." ते खोटे होते.

पावत्या पुरेशा जाड झाल्या तेव्हा मिस्त्रींनी रुग्णालयाला धनादेश दिला. तो परत आला. खात्यात थोडीच रक्कम कमी होती, पण कमी होती. रुग्णालयाने ठरलेला दिवस दुसऱ्या रुग्णाला दिला, आम्हाला पुढचा दिवस काही महिन्यांनंतरचा दिला आणि तेव्हा सगळी रक्कम रोख आणा असे सांगितले. मिस्त्री पहिल्यांदाच पासबुक घेऊन रांगेत उभे राहिले. बँकेने किमान शिल्लक दुपटीहून जास्त, आमच्या सगळ्या साठ्याहूनही मोठी केली होती आणि ती नाही म्हणून दर महिन्याला दंड कापला होता. दंडामुळे शिल्लक आणखी उतरत होती आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दंड बसत होता. धनादेश परत गेला त्याचेही वेगळे शुल्क लावले होते. मिस्त्री घरच्या पोटाला चिमटा काढून भरत होते आणि बँक ते तिकडे कुरतडत होती.

आमच्या शेजारच्या गाळ्यात अर्ज टाइप करून देणारे एक गृहस्थ बसत. ते एका हाताचे एक बोट आणि दुसऱ्याचे अर्धेच वापरत, म्हणून सगळे त्यांना दीडबोट्या म्हणत. त्यांनी झकास तक्रार लिहून दिली. आम्हाला या दंडाबद्दल बँकेचे एकही पत्र मिळालेले नाही, कापलेले सर्व पैसे परत करा, असे तिच्यात ठणकावून सांगितले होते. मिस्त्रींनी खाली सही केली. बँकेतल्या तक्रारीच्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला. आम्ही तीन पत्रे पाठवली आहेत, तुम्ही हरकत घेतली नाही म्हणजे नियम तुम्हाला मान्य होता, असे त्या म्हणाल्या. तरी पैसे भरल्याच्या पावत्या आणा, मी वर पाठवते, असेही त्यांनी सांगितले.

पावत्या काढायला मिस्त्रींनी मला जवळ ओढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी माझ्यावरचे कागद उलट काढत होते. दीडबोट्या पावत्या लावून घ्यायला समोर बसले होते. वहिनी कोपऱ्यात बसून हातांनी चाचपत दोऱ्याच्या बॉबिन डब्यात भरत होती. एक पावती, एक चिठ्ठी, एक पावती, आणि मग एक गुळगुळीत पांढरा कागद निघाला. वर बँकेचे नाव होते. त्याच्याखाली आणखी एक निघाला, आणि बऱ्याच खाली तिसरा. तिन्हींना कोपऱ्यात भोक होते.

मिस्त्रींनी तिन्ही कागद मेजावर ओळीने मांडले. मग त्यांनी विचारले, "हे कुणी टोचलं?"

"मीच," वहिनी म्हणाली. "कागद गुळगुळीत लागला. वाटलं, जाहिरात असेल."

"वाचलं नाहीस?"

"वर्ष झालं, मला वाचता येत नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही दुकानातल्या मशिनी विकल्या असत्या."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी मला तिथे उभे राहवेना. डोळ्यांसाठी साठवलेले पैसे त्या डोळ्यांना न दिसलेल्या पत्रांमुळे गेले होते, आणि ती पत्रे माझ्याच अंगावर होती.

दीडबोट्यांनी घसा खाकरला. त्यांचा सल्ला सरळ होता. पत्रे मिळाली नाहीत असे आपण सही करून दिले आहे, तेव्हा ही तिन्ही पत्रे जाळून टाका आणि अर्जावर ठाम राहा. मिस्त्रींनी काडेपेटी हातात घेतलीसुद्धा. त्यांना दोष देऊ नका. बायकोची नजर एका पारड्यात असेल तर दुसऱ्या पारड्यातले खरेखोटे हलके वाटते.

वहिनीने नुसता हात पुढे केला. "जाळायची तर जाळा. पण आधी मला वाचून दाखवा. पूर्ण. या घरात न वाचता कागद कधी गेला नव्हता."

मिस्त्री वाचू लागले. अडखळत, बोट ठेवत, शाळेतल्या मुलासारखे. वहिनी मान एका बाजूला कलती करून ऐकत होती. पहिल्या पत्राच्या मध्यावर ती म्हणाली, "थांबा. तारीख पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचली. नवा नियम तीन महिन्यांनंतर लागू होईल, असे बँकेने स्वतःच लिहिले होते. वहिनीने पासबुकातला पहिला दंड कधीचा ते विचारले. तो पत्राच्या पुढच्याच महिन्यातला होता. बँकेने स्वतःच्या नियमाच्या दोन महिने आधीच कापायला सुरुवात केली होती, आणि धनादेश कमी पडला तो त्या दोन महिन्यांच्या दंडाहून लहान रकमेने. दीडबोट्यांनी पत्र हातात घेतले, दोनदा वाचले आणि काडेपेटी स्वतःच्या खिशात टाकली.

पण ते पत्र दाखवायचे म्हणजे ते मिळाले होते हे कबूल करायचे. पहिला अर्ज खोटा ठरणार होता. वहिनी म्हणाली की कागद होते तसे परत लावा आणि खिळ्यासकटच न्या, आपण काही लपवले नाही हे दिसू दे. म्हणून माझ्या टोकाला बाटलीचे बूच लावून मिस्त्रींनी मला पिशवीत घातले. माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रवास.

बँकेच्या काचेच्या दारावर पहारेकऱ्याने मला पाहून त्यांना अडवले. मिस्त्रींनी बूच दाखवले तेव्हा त्याने सोडले. खिडकीवरच्या बाई आधी हसल्या. मग वहिनीने उभ्या उभ्या सगळे सांगितले: पत्रे आली होती, मला दिसली नाहीत, मी टोचली, आमच्या अर्जातली ती ओळ चुकीची आहे. तिने बाईंकडे बघून बोलायचा प्रयत्न केला, पण ती शेजारच्या खांबाकडे बघत होती. बाईंचे हसू गेले. त्यांनी कागद एकेक करून माझ्यावरून काढले, प्रती काढल्या आणि परत त्याच क्रमाने लावून दिले. "मी माझ्या परीनं लिहिते," त्या म्हणाल्या. "पण निर्णय वरून येतो. वेळ लागेल."

वेळ लागला. अर्ज वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. एकदा सही जुळत नाही म्हणून परत आला, एकदा नुसताच हरवला. दर सोमवारी मिस्त्री आता पैसे भरायला नव्हे तर विचारायला जात. या सगळ्यात सात महिने गेले. मध्ये त्यांनी दोन मशिनी विकल्याच. पण तोवर डॉक्टरांनी उजवा डोळा गेल्याचे सांगितले होते. इंजेक्शने डाव्याला दिली.

मग बँकेचे चौथे पत्र आले. मिस्त्रींनी मशीन बाजूला सारले, हात पुसले आणि ते मोठ्याने वाचले. मुदतीआधी कापलेला दंड आणि परत गेलेल्या धनादेशाचे शुल्क खात्यात जमा केले होते. त्यानंतरचा दंड परत मिळणार नव्हता, कारण पत्रे मिळाल्याचे आम्हीच मान्य केले होते. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी होती. शेवटची ओळ अशी होती की आपले प्रकरण बंद करण्यात येत आहे. म्हणजे बँकेकडेही माझ्यासारखा एक खिळा असणार.

वहिनीने सवयीने हात पुढे केला. कागद घेतला, दुसऱ्या हाताच्या बोटाने माझे टोक शोधले आणि विचारले, "टोचू? संपलं ना?"

मिस्त्रींनी तिच्या हातातून पत्र काढून घेतले, घडी केली आणि मेजावर माझ्या शेजारी ठेवले. वर दाब म्हणून शिलाई मशीनचे एक लोखंडी शटल ठेवले. त्याला आता चार वर्षे झाली. कागद पिवळा पडला, पण तो माझ्यावर आलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कागद येत असतील आणि ते वाचणारे एकच माणूस असेल. तुम्हाला वाचता येते, तर अधूनमधून एखादा कागद त्याच्या हातातून घ्या, मोठ्याने वाचा आणि त्याला नीट दिसते ना, हे विचारा. ते हो म्हणाले तरी त्याने टोचलेल्या कागदांची भोके एकदा पाहा. मी वर्षभर पाहत होतो आणि मला सांगता आले नाही.