नाव न घेता मागितलेला खडा

चंद्रकांत : एक मणी. दगडच, पण हलवला की आतला निळसर उजेड एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकतो. चांदण्यात तो पाझरतो, असं जुनी माणसं म्हणतात. पाझरताना कुणी पाहिलेला नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात हॉर्न आणि सळया एकदम वाजल्या की माणसाचा आवाज पोचत नाही.

रेशनवाला विचारतो, नवऱ्याचं नाव? बाई म्हणते, कार्डावर आहे की.

कच्चं दूध म्हणजे न तापवलेलं.

करंगळीचं माप दोऱ्याने घेतात.

अरुणाने ते घेतलं तेव्हा नवऱ्याने हात काढून घेतला नाही. दिलाही नाही. हात नुसता होता.

तो बाजारात वजनकाट्यावर कामाला. काट्यावर दोघे असत आणि दोघांच्याही नावाच्या शेवटी कांत, म्हणून अख्खा बाजार त्यांना सूर्य-चंद्र म्हणायचा. चहावाला लांबूनच ओरडायचा, ग्रहण लागायच्या आत कटिंग घ्या. आषाढात रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या ट्रकखाली सूर्यकांत गेला. तेव्हापासून हा घरात बसून. ताट पुढे ठेवलं तर जेवायचा. बोलायचा नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्याचे डोळे जड व्हायचे, पण मिटायचे नाहीत.

अरुणाला फार नको होतं. त्याने एकदा बोलावं. भाजी अळणी झालीय म्हणाला असता तरी पुरलं असतं.

शेजारच्या मुक्ताबाई तिला नावड्याच्या गुरुजींकडे घेऊन गेल्या. गुरुजींनी पत्रिका पाहिली आणि बाजूला ठेवली. चंद्र म्हणजे मन, म्हणाले. मनाला स्वतःचा उजेड नसतो, कुणाचा तरी घ्यावा लागतो. ज्याच्याकडून घेत होता तो गेला की ते असं अंधारून बसतं. खडा काही चमत्कार करत नाही. घेतलेला उजेड आत कसा धरून ठेवायचा, एवढं तो दाखवतो. चांदीत बसवा, सोमवारी संध्याकाळी कच्च्या दुधात बुडवा आणि खड्याचं नाव घेऊन उजव्या करंगळीत घाला.

कुठला खडा, ते गुरुजींनी सांगितलं तेव्हा अरुणाने मान खाली घातली. मुक्ताबाईंना हसू आवरेना. "म्हणजे नवऱ्याच्या बोटात नवराच घालायचा की गं."

पनवेलचा सोनार बोलका होता. कुठला खडा हवा, त्याने विचारलं. अरुणा म्हणाली, आत उजेड फिरतो तो. असे पुष्कळ आहेत, नाव सांगा. आमच्या ह्यांचंच नाव आहे, ती म्हणाली. मग तर सोपं झालं, उखाण्यात घ्या, सोनार म्हणाला, आणि दुकानातल्या दोन बायका कौतुकाने वळल्या.

उखाणा तिला येत होता. लग्नातला. पण घरात माणूस भिंतीकडे बघत बसलेला, आणि आपण इथे यमक जुळवायचं? तिला ते जमेना.

"आकाशात असतो," ती म्हणाली. "आणि शेवटी कांत."

"बस. पुढचं सांगूच नका. कळलं."

त्याने खडा तिथल्या तिथे बसवून दिला. अंगठी गुलाबी कागदाच्या पुडीत घातली, पुडीवर खड्याचं नाव लिहिलं. अरुणाला वाचता येत होतं. पण नवऱ्याचं नाव बाईने वाचायचंसुद्धा नाही, असं सासूने शिकवलेलं. पुडीवर नजर जायच्या आत तिने ती पदरात गाठ मारून ठेवली.

सोमवार. वाटीत दूध, दुधात अंगठी. खडा केशरी दिसत होता. आत सोन्याच्या बारीक कणांसारखं काही चमकत होतं. दिव्यामुळे असेल, तिला वाटलं. नाव तर खड्याचंच घ्यायचं होतं. स्टोव्हच्या आवाजात तिने सरावही केला होता. दर वेळी 'चंद्र' म्हणून होई आणि पुढे जीभ अडे. आताही अडली.

नवऱ्याने पाटाजवळ पडलेला पुडीचा कागद उचलला. काट्यावरच्या सवयीने डोळ्यांजवळ धरला.

"सूर्यकांत," त्याने वाचलं.

अरुणाला आधी तो बोलला एवढंच कळलं. काय बोलला, ते मागाहून.

"मी हाक मारली होती," तो कागदाला म्हणाला. "त्याला ऐकू गेली नाही."

मग उठला आणि अनवाणीच बाहेर पडला. पायऱ्या, फाटक, रस्ता. बाजाराच्या बाजूला. अरुणा मागे. पुढे वळणावर एक ट्रक मागे येत होता, क्लीनर पलीकडच्या अंगाला होता आणि हा सरळ चालत होता.

"अहो," तिने हाक मारली.

पानवाल्याने वर पाहिलं. काच पुसणाऱ्या ड्रायव्हरने पाहिलं. पिशवी घेतलेले एक गृहस्थ थांबून मागे वळले. अहो म्हटलं की कुणाच्या ना कुणाच्या घरातला माणूस वळतोच. तिचा वळला नाही. हॉर्न वाजायला लागला होता.

"चंद्रकांत!"

यमक नव्हतं, पुढे राव नव्हतं, मागे काही नव्हतं. रस्त्याच्या मधोमध तो थांबला. ट्रकची फळी त्याच्या पुढून गेली. मग क्लीनरच्या शिव्या आल्या.

तो वळला. तिच्याकडे बघत राहिला. कुणीतरी खूप दिवसांनी भेटावं आणि नाव आठवू नये, तसा.

"ओरडतेस काय एवढी," तो म्हणाला. "ऐकू येतं मला."

लग्नात त्याने तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं, अरुणा. त्याआधी, माहेरच्या नावाने, ती पुतळा होती.