कापलेली सात पिसं

१९९१च्या जानेवारीत शकू मासळीची टोपली घेऊन दारात आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही पक्षी बघता ना? आमच्या बदकांत एक परकं आलंय. डोक्यावर दोन काळे पट्टे हाईत."

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्याच दुपारी तिच्या गावी, मुर्ध्याला गेले. शकूच्या अंगणात पट्टकादंब होता. राखाडी अंग, पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन आडवे काळे पट्टे, पिवळी चोच, नारिंगी पाय. हे हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यापुरते इकडे येतात. शकूचा नवरा लीलाधर याला तो जाळ्यात सापडला होता. उडून जाऊ नये म्हणून त्याने कोंबडीचा कापतात तसा त्याचा एक पंख कापला होता. सात पिसं गेली होती.

त्याचा थवा दिवसभर अंगणामागच्या मिठागराच्या पाण्यात विसावे, संध्याकाळी गवतात चरायला जाई. एकच पक्षी मागे राही आणि बांधावरून अंगणाकडे बघत ओरडे.

"जोडीदार हाय याचा," शकू म्हणाली. "मला याला सोडायचाय."

"थवा मार्चमध्ये परत जाणार. याला नवी पिसं येतील ती उन्हाळ्यात. यंदा नाही जमायचं."

"कापलेलं येत न्हाय. पण त्याचा आत ऱ्हायलेला खुंट उपटला का दीड महिन्यात नवं येतं. कोंबडीला येतं, मग याला का न्हाय?"

लीलाधर जाळं सांधत होता. "कॉलेजात ह्ये शिकवत न्हाईत वाटतं."

शिकवत नव्हते. मी पक्ष्याचं डोकं फडक्यात धरलं, शकूने एकेक खुंट सरळ ओढून काढला. रक्त थोडंच आलं. पुढे दर रविवारी मी पट्टीने नवी पिसं मोजत होते.

नऊ मार्चला थवा गेला. बांधावर एक पक्षी उरला, अंगणात एक. पिसं अजून दोन बोटं आखूड होती.

"आता दोन सांभाळ," लीलाधर शकूला म्हणाला. तिने बांधावरही भात टाकला.

आठवड्याने ती दारात आली. आधी बोंबील मोजून दिले, मग म्हणाली, "सकाळी गेली दोघं. पहिल्यांदा कुंपणावर आपटला, मग नीट उडाला."

"कुठल्या दिशेला?"

"ते बघायला आमचे हे छपरावर चढलेत. अजून उतरले न्हाईत."