ऑर्किड कशाने फुललं

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तीन वर्षं हटून बसलेल्या ऑर्किडला अकरा फुलं आली होती, आणि ती बाबांच्या मंतरलेल्या पाण्याने आली, असं सासूबाई येईल त्याला सांगत होत्या. बाबा सोफ्यावर ऐसपैस बसले होते.

"हे पाणी नव्हे, प्रकाश आहे," ते म्हणाले. "बाटलीत भरला म्हणून ओला लागतो."

माणसं माना डोलावत होती.

सून चहाचा ट्रे धरून स्वयंपाकघराच्या दारात अडकली होती. पुढे गर्दी, मागे ओटा. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, आणि फुलं कशाने आली ते तिला पक्कं ठाऊक होतं. कुंडी तिनेच अंधाऱ्या कोपऱ्यातून खिडकीत हलवली होती. दर आठवड्याला ती आधी साध्या पाण्याने मुळं ओली करायची, मग पाकिटावर लिहिलेल्याच्या पाव प्रमाणात खत द्यायची. पण सासरे गेल्यापासून सासूबाई पहिल्यांदाच हसत-बोलत होत्या. ते मोडायचं कसं, म्हणून तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. पाच रविवार बाबांची बैठक घरात भरत होती, ती चहा उकळत होती, आणि लोक तिलाच म्हणत होते, "नशीबवान आहात हो."

मग वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकू पुढे सरकल्या. "बाबा, यांच्या साखरेच्या गोळ्या तीन दिवस बंद केल्यात. तुमचंच पाणी देतेय. आता डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात."

"विष बाहेर पडतंय," बाबा म्हणाले. "पाणी वाढवा."

त्या गोळ्या दर महिन्याला सूनच काढून द्यायची. तिने ट्रे जमिनीवरच ठेवला. सासूबाईंच्या खोलीतून दुसरी कुंडी आणली. पानं सुरकुतलेली, मुळं तपकिरी आणि लिबलिबीत. दुसऱ्या हातात खताचं पाकीट.

"दोन्ही रोपं एकाच दिवशी आणली," ती म्हणाली. "याला फक्त बाबांचं पाणी मिळालं, तेही रोज. मुळं कुजली. त्या फुललेल्याला आई रविवारी चमचाभर पाणी घालायच्या, बाकी उजेड आणि खत माझं. थोडं, पण नेमाने. जास्त झालं तर खतसुद्धा मुळं जाळतं."

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"कोणाची, रोपाची?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. काकूंनी हातातली बाटली टेबलावर ठेवली. "चल गं वर माझ्याबरोबर," त्या सुनेला म्हणाल्या. तासाभरात काकांना दवाखान्यात दाखल केलं. साखर भलतीच चढली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं.

ती परतली तेव्हा घर रिकामं होतं. सासूबाई कुजकं रोप मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तुला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मग पाच आठवडे मला लोकांपुढे नाचू का दिलंस?"

सून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि रोपाची कुजकी मुळं एकेक करून काढू लागली.

कोणी चमत्कार दाखवला, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारावं: याशिवाय आणखी काय काय केलं होतं? आणि उत्तर ज्याला ठाऊक आहे, त्याने घरातल्या शांततेसाठी गप्प बसू नये.